दुबईत सदनिका घेताना अर्ज भारतातल्या बँकेत का अडतो

दुबईत फ्रीहोल्ड म्हणून जाहीर झालेल्या भागांत परदेशी नागरिकाला पूर्ण मालकीने सदनिका घेता येते. पासपोर्ट, विक्री करार, पुनर्विक्रीची सदनिका असल्यास विकासकाचे ना-हरकत पत्र आणि दुबई भूमी विभागाचे ४ टक्के शुल्क एवढ्यावर तिथले काम सहसा मार्गी लागते. खरी अडचण पैसे पाठवताना इथल्या बँकेत येते.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेनुसार (परदेशी पैसे पाठवण्याची उदारीकृत योजना) निवासी भारतीयाला एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. घरातल्या चौघांची मर्यादा एकत्र करून दहा लाख डॉलर पाठवा, असे विक्रेते सांगतात. मात्र मालमत्तेसाठी हे तेव्हाच चालते, जेव्हा ते चौघेही करारात सहमालक असतात. रक्कम पत्नीच्या खात्यातून आणि करार एकट्या पतीच्या नावे, असा अर्ज परत येतो, आणि तोवर टोकनची रक्कम अडकलेली असते. म्हणून नावांचा निर्णय सही करण्याआधीच घ्यावा. प्रत्येकाचा पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी रक्कम पाठवण्याचा बँकेतला अर्ज) स्वतंत्र लागतो. अल्पवयीन मुलाच्या फॉर्मवर पालकाची सही हवी.

डॉलरचा दर चांगला मिळतो म्हणून नव्या बँकेत खाते उघडणाऱ्यांनाही नकार मिळतो, कारण अशा व्यवहारासाठी खाते किमान वर्षभर जुने असावे लागते. तसे नसल्यास जुन्या बँकेचा मागील वर्षाचा खातेउतारा आणि तोही नसल्यास प्राप्तिकर विवरणपत्राची प्रत द्यावी. या रकमेसाठी भारतातील बँक कर्ज देऊ शकत नाही.

१० लाख रुपयांवरील रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ कर, कापला जातो, म्हणजे ८० लाख पाठवणाऱ्याने आणखी १४ लाख हाताशी ठेवावेत. ते विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात. परंतु पत्नीच्या पॅनवर कापलेली रक्कम, तिला उत्पन्न नसले तरी, तिनेच विवरणपत्र भरून मागावी लागते. हे कुणीच आधी सांगत नाही, याची चीड येते.

सर्वांत महाग पडणारी चूक खरेदीनंतरची आहे. विवरणपत्रातील शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्ता दाखवण्याचा तक्ता, आर्थिक वर्षाचे नसून जानेवारी ते डिसेंबरचे असते. मार्च २०२५ मध्ये विकलेली सदनिकासुद्धा, त्या वर्षी काही काळ ताब्यात होती म्हणून, आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात दाखवावी लागते. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, आणि २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळालेली सूट स्थावर मालमत्तेला लागू नाही.