चेनसॉचा पिस्टन: व्हॉल्व नाही तर मग दार कोण उघडतं?

पावसाळ्यात गोव्यात सत्तरी-फोंड्याकडे झाडांची पडझड झाली की फायर ब्रिगेडवाले येतात आणि चेनसॉ सुरू होतो, तो कर्कश आवाज इथे सगळ्यांच्या ओळखीचा. फुल थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला २०० च्या वर, आणि दर फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलट्या दिशेला पळतो. म्हणून तो हलका हवा, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा.

पण खरी गंमत वेगळीच आहे. बाईकच्या फोर स्ट्रोकमध्ये व्हॉल्व (झडपा) असतात, चेनसॉच्या या टू स्ट्रोकमध्ये नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट म्हणजे भोकं असतात आणि पिस्टन स्वतःच ती उघडझाप करतो! वर जाताना स्कर्टची, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराची, खालची कडा इनटेक (मिश्रण आत घेणारं भोक) उघडते, खाली येताना माथ्याची कडा आधी एक्झॉस्ट (जळका गॅस बाहेर सोडणारं) मग ट्रान्सफर (ताजं मिश्रण खालून पिस्टनच्या वर आणणारं) उघडते. त्यामुळे स्कर्ट एखादा मिलिमीटर जरी आखूड झाला तरी इनटेक लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो, मग जास्त आरपीएमला जोर मिळतो पण स्लो स्पीडला पेट्रोल उलटं कार्बोरेटरकडे थुंकलं जातं.

जॅम झालेला पिस्टन हातात घेऊन नीट बघा. बहुतेक वेळा एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि इनटेकची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ, कारण इकडे थंड मिश्रण येतं आणि तिकडून जळता गॅस जातो, ॲल्युमिनियम फुगतं, आणि ऑइल कमी पडलं किंवा मिश्रण लीन झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) की धातूला धातू घासतो. पेट्रोल-ऑइलचं ५०:१ प्रमाण म्हणजे लिटरला २० मिली टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करताना हे अंदाजे ओतू नका प्लीज.

नवीन मशीनमध्ये पिस्टनच्या बाजूंना खाचा असतात, त्यातून आधी नुसती हवा ट्रान्सफरमध्ये भरते आणि एक्झॉस्टमधून फुकट जाणाऱ्या पेट्रोलऐवजी ही हवा जाते, त्यामुळे पेट्रोल वाचतं, प्रदूषण कमी. अशा मशीनला त्याच मापाचा साधा पिस्टन बसेल पण हवेचा रस्ताच बंद. म्हणून दुकानात नुसता डायमीटर सांगून भागत नाही, जुना पिस्टन शेजारी ठेवून पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या दांडीच्या) भोकापासून माथा आणि स्कर्ट दोन्ही मोजा, खाचा जुळवा. आणि बसवताना माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडेच, उलटा बसला तर रिंगची (पिस्टनभोवतीच्या कड्याची) टोकं पोर्टात अडकून तुटू शकतात.