पाच पॉइंट आठच का? एफपीव्ही विमानांच्या फ्रिक्वेन्सी आणि अँटेनांची पार्श्वभूमी

एफपीव्हीत, म्हणजे विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र जमिनीवर पाहत ते उडवण्याच्या छंदात, नवा आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो की व्हिडिओ 5.8 गिगाहर्ट्झवर आणि कंट्रोल 2.4 वर, असंच का? उत्तरादाखल त्याच्या हातात फ्रिक्वेन्सींचा एक तक्ता पडतो. तक्ता चूक नसतो, पण विमान उडवणाऱ्यांच्या सोयीचा विचार करून तो कुणीच आखलेला नाही. यातल्या बहुतेक फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कुणाला नको होत्या, म्हणून या छंदाच्या पदरात पडल्या. छंदवाल्यांनी स्वतःच्या हाताने घडवला तो अँटेना.

विमानात कॅमेरा ठेवून जमिनीवरून किंवा दुसऱ्या विमानातून ते चालवायचं, ही कल्पना छंदापेक्षा कितीतरी जुनी. 1944 साली अमेरिकन नौदलाने सॉलोमन बेटांच्या परिसरात टीडीआर-1 ही बिनवैमानिकाची विमानं वापरली. नाकात आरसीए कंपनीचा टीव्ही कॅमेरा असे आणि मागून येणाऱ्या अ‍ॅव्हेंजर विमानातला माणूस छोट्या पडद्यावर पाहत ते लक्ष्याकडे नेत असे. आजच्या एफपीव्हीची सगळी गरज तिथे दिसते: चित्र खाली आणणारी एक वाट, हुकूम वर नेणारी दुसरी, आणि दोघींनी एकमेकींच्या पायात पाय घालायचा नाही.

छंदातली विमानं मात्र पुढची कित्येक दशकं डोळ्यांनी पाहूनच उडत. कंट्रोलला अमेरिकेत 72 मेगाहर्ट्झ, युरोपात बऱ्याच ठिकाणी 35. प्रत्येक सेटमध्ये ठरावीक चॅनेलचा क्रिस्टल बसवलेला. मैदानावर एक फळी असायची आणि तिच्यावर चॅनेलच्या नंबरांचे चिमटे. ज्याच्या हातात चिमटा, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. कुणी विसरून त्याच चॅनेलवर बटण दाबलं, की वर असलेलं दुसऱ्याचं विमान सरळ खाली. 72 मेगाहर्ट्झची तरंगलांबी चार मीटरच्या वर, म्हणजे पाव तरंगलांबीचा अँटेनाही मीटरभराचा. ट्रान्समीटरवर ओढून लांब करायची दांडी आणि विमानाच्या शेपटीमागे फडफडणारी तार, हा त्या काळचा थाट.

आता 'नको असलेल्या' फ्रिक्वेन्सींची गोष्ट. 1947 साली अटलांटिक सिटीत झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखले गेले. ही यंत्रं निरोप पाठवत नाहीत, फक्त तापवतात आणि वर गोंगाट करतात. मायक्रोवेव्ह ओव्हन 2450 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो तो याच पट्ट्यात. ज्याला शांत आकाश हवं तो इथे फिरकणार नाही, असा हिशोब होता. 1985 साली अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने या गोंगाटात विनापरवाना रेडिओला मुभा दिली: 902 ते 928, 2400 ते 2483.5 आणि 5725 ते 5850 मेगाहर्ट्झ. अट एकच, सिग्नल एका जागी न साठवता पसरून पाठवायचा. वाय-फाय याच दारातून आत आलं. वाय-फायमुळे या पट्ट्यांचे भाग लाखोंनी बनले आणि स्वस्त झाले. आपल्या छोट्या व्हिडिओ ट्रान्समीटरची वंशावळ तिथे जाऊन पोचते.

फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहायची ही युक्ती तर त्याहून जुनी. 1942 साली अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी टॉर्पेडोसाठी तिचं पेटंट घेतलं. त्यात 88 फ्रिक्वेन्सींचा उल्लेख आहे, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच! 2005 च्या सुमारास स्पेक्ट्रम कंपनीचा डीएक्स6 हा 2.4 गिगाहर्ट्झचा सेट आला. तो उड्या मारत नव्हता. चालू होताच मोकळी चॅनेल शोधून तिथे बसायचा. उड्या मारणारे सेट पाठोपाठ आले. काही वर्षांतच चिमट्यांची फळी अडगळीत गेली.

आणि इथेच एफपीव्हीवाल्यांची पंचाईत झाली. तोवर त्यांचा व्हिडिओ 900 मेगाहर्ट्झ, 1.2-1.3 किंवा 2.4 गिगाहर्ट्झवर चालायचा. कंट्रोल खाली 35 किंवा 72 वर असेपर्यंत भांडण नव्हतं. कंट्रोलच 2.4 वर आल्यावर तिथला व्हिडिओ धोक्याचा ठरला. विमानात कंट्रोलच्या रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर त्याच पट्ट्यात ओरडणारा ट्रान्समीटर असेल, तर जमिनीवरून आलेला क्षीण आवाज रिसीव्हरला ऐकू येणार कसा?

मग दोन घराणी झाली. लांब जाणाऱ्यांनी कंट्रोल 433 मेगाहर्ट्झवर नेला आणि व्हिडिओ 1.3 वर ठेवला. यातही गोम आहे. 433 ला तिनाने गुणलं तर 1299 येतात, म्हणजे कंट्रोलची तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर आपोआप उमटणारा नकोसा सिग्नल) थेट व्हिडिओच्या पट्ट्यात. हे टाळायला फिल्टर आले. शिवाय जीपीएस ऐकतो 1575.42 मेगाहर्ट्झवर. 1.3 चा दणकट ट्रान्समीटर त्याच्या शेजारी बसवला की उपग्रह एकेक करून गळायला लागतात. दुसऱ्या घराण्याने कंट्रोल 2.4 वरच ठेवला आणि व्हिडिओ उचलून 5.8 वर नेला. हे घराणं संख्येने जिंकलं. त्याला सिग्नलची गुणवत्ता कारणीभूत नव्हती, जागा मोकळी होती आणि माल स्वस्त होता.

किंमत मोजावी लागलीच. 1946 साली बेल लॅबच्या हॅराल्ड फ्रिस यांनी मांडलेल्या सूत्राने पाहिलं, तर दोन्हीकडे तशाच छोट्या अँटेनांनी 1.3 वरून 5.8 वर गेल्यास हाती येणारी शक्ती जवळजवळ विसाव्या हिश्शावर येते, सुमारे 13 डेसिबलचा तोटा. "5.8 ला हवाच खाऊन टाकते" असं सर्रास म्हणतात, ते माझ्या मते चूक आहे. या अंतरांवर हवेचा दोष नगण्य. तरंगलांबी 23 सेंटिमीटरवरून साडेपाचच्या आत आली, म्हणून अँटेना आखूड झाला आणि त्याची ओंजळ लहान झाली, इतकंच. ओंजळ तेवढीच मोठी ठेवली तर तोटा भरून निघतो. म्हणून जमिनीवर पॅच किंवा हेलिकल असा एकाच दिशेला ऐकणारा अँटेना लावून विमानाकडे रोखतात. पानं, भिंती, ओल यांच्यापुढे मात्र 5.8 खरोखरच नमतं.

अँटेनाच्या बाबतीत सुरुवातीला सगळे सरळ दांडी वापरत, वाय-फायच्या राउटरवर असते तशी. तिची व्याप्ती चुंबळीसारखी असते: चहूबाजूंना भरपूर, मधल्या भोकात काही नाही. विमान बरोबर डोक्यावर आलं की चित्रात मुंग्या. विमान वळताना कललं की उभी लहर आडवी होते आणि जमिनीवरच्या उभ्या दांडीला ती जेमतेम लागते. खरा छळ त्याहून वेगळा होता. भिंतीवर किंवा जमिनीवर आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळते. दोन वाटांत अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे 5.8 वर साधारण 2.6 सेंटिमीटरचा फरक पडला, की दोघी एकमेकींना मारतात. विमान सेकंदाला कितीतरी मीटर पळत असतं, त्यामुळे चित्र सारखं फाटत राहायचं.

यावरचा उपाय अर्ध्या शतकापूर्वीच सापडून बसलेला होता. 1946 साली ओहायो स्टेट विद्यापीठात एका पाहुण्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकताना जॉन क्राउस यांनी विचारलं की तारेच्या वेटोळ्याचा अँटेना होईल का? पाहुणे म्हणाले, करून पाहिलं, होत नाही. क्राउस घरी गेले, सुमारे एका तरंगलांबीच्या परिघाची सात वेटोळी वळली आणि 12 सेंटिमीटरच्या लहरींवर ती चालली. हाच हेलिकल अँटेना. त्यातून निघणारी लहर पुढे जाताना स्क्रूसारखी फिरते, उजवी किंवा डावी. आपटून परतलेली उजवी लहर डावी होऊन येते आणि उजव्या अँटेनाला ती फारशी ऐकूच जात नाही. विमान कललं तरी फिरणाऱ्या लहरीला फरक पडत नाही. 1947 साली आरसीएतल्या ब्राउन आणि वुडवर्ड यांनी चहूबाजूंना अशी लहर टाकणारा, तिरक्या दांड्यांचा अँटेनाही मांडला.

छंदात हे 2010 च्या आगेमागे पोचलं, तेही सोल्डरिंगच्या टेबलावरून. विमानावर तीन पाकळ्यांचा 'क्लोव्हरलीफ', जमिनीवर चार पाकळ्यांचा 'स्क्यू प्लॅनर'. वेल्डिंगची तांब्याचा मुलामा असलेली तार घ्यायची, प्रत्येक पाकळीला साधारण एक तरंगलांबी, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या थोडी वर तार मोजायची, तिचं वेटोळं वळवायचं आणि पाकळी 45 अंशांत कलती ठेवून जोडायची. एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरं बाहेरच्या जाळीला. एखादा मिलिमीटर चुकला की ट्यूनिंग सरकतं. माझी पहिली पाकळी फुलली ती कोबीच्या पानासारखी, आणि तरीही चित्र जुन्या दांडीपेक्षा बरं आलं. पडल्यावर पाकळ्या वाकू नयेत म्हणून त्यांवर प्लॅस्टिकची टोपी आली. आज बाजारात दिसणारी 'अळंबी' ती हीच.

2015 पासून शर्यती जोरात आल्या आणि अडचण अंकगणिताची झाली. अ‍ॅनालॉग व्हिडिओला प्रत्येकी साधारण 20 मेगाहर्ट्झ लागतात. जुन्या संचांत चॅनेल तेवढ्याच अंतरावर, म्हणजे खांद्याला खांदा लावून. मग रेसबँड आला: 5658 पासून 5917 पर्यंत आठ चॅनेल, दर 37 मेगाहर्ट्झवर एक. पण समान अंतर हीच त्याची दुखरी नस. दोन ट्रान्समीटर जवळजवळ असले की त्यांच्या मिश्रणातून तिसरी भुताची फ्रिक्वेन्सी तयार होते: एकीची दुप्पट वजा दुसरी. 5695 ची दुप्पट 11390, त्यातून 5658 गेले, उरले 5732. ते नेमकं तिसरं चॅनेल! म्हणून सहा जण उडवायचे असतील तर 5658, 5695, 5760, 5800, 5880, 5917 असा मुद्दाम वाकडातिकडा संच घेतात. यातली टोकाची चॅनेल मूळ विनापरवाना पट्ट्याच्या बाहेर पडतात. अमेरिकेत ती हॅम (हौशी रेडिओ) परवान्याच्या पट्ट्यात येतात, इतर देशांत तिथला नियम पाहावा लागतो.

कनेक्टरचं त्रांगडंही नियमातूनच आलं. ग्राहकाने वाय-फायला परका अँटेना लावू नये म्हणून एफसीसीने वेगळा जोड सक्तीचा केला. कंपन्यांनी एसएमए या नेहमीच्या अँटेना-जोडातली पिन आणि भोक यांची अदलाबदल करून आरपी-एसएमए काढला. दोन्ही एकमेकांवर छान फिरून घट्ट बसतात आणि आत दोन भोकं समोरासमोर राहतात. बाहेरून अँटेना लावलेला दिसतो, खरं तर ट्रान्समीटर बिनअँटेनाचा तापत असतो. असा एक मी जाळला आहे.

गेल्या काही वर्षांत कंट्रोल पुन्हा खाली उतरला: युरोपात 868, अमेरिकेत 915 मेगाहर्ट्झ. फ्रान्समध्ये दूरच्या सेन्सरांसाठी विकसित झालेलं लोरा तंत्र त्याच्या कामी आलं आणि त्याच तंत्रावर चालणारी एक्स्प्रेस-एलआरएस ही कंट्रोलची यंत्रणा 2.4 वरही लांब पोचू लागली. व्हिडिओ मात्र डिजिटल होऊनही 5.8 वरच राहिला. 2019 साली डीजेआय या ड्रोन कंपनीची डिजिटल यंत्रणा आली ती डाव्या फिरकीचे अँटेना घेऊन, तर अ‍ॅनालॉगवाल्यांकडे बहुतेक सगळे उजवे. त्यामुळे आता टोपीवरचं डाव्या-उजव्याचं अक्षर वाचल्याशिवाय कुणी कुणाला अँटेना उसना देत नाही.