वाळीत पडूनही बोहरीच : दाऊदी बोहरा सुधारकांची पार्श्वभूमी

पंथाशी फाटलं की माणूस धर्मालाही रामराम ठोकतो, असं आपण गृहीत धरतो. दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम पंथातले सुधारक मात्र शंभर वर्षं उलटंच सांगत आलेत : श्रद्धा आमची आहे, ती सोडायला सांगणारे तुम्ही कोण?

बोहरा श्रद्धेनुसार २१वे इमाम तय्यब गुप्तवासात गेले, तेव्हापासून त्यांच्या वतीने 'दाई' समाज चालवतात. वयात येताना प्रत्येक जण 'मिसाक' म्हणजे निष्ठेची शपथ घेतो. सुधारक यातलं काहीच नाकारत नाहीत, दाईंचं पदसुद्धा नाही. भांडण आहे ते 'रझा'चं, म्हणजे परवानगीचं. निकाह लावायचा तर आमिलची, म्हणजे दाईंच्या स्थानिक प्रतिनिधीची रझा, मयत समाजाच्या कब्रस्तानात न्यायची तरी रझा. उलट प्रश्न विचारले की 'बरात', म्हणजे बहिष्कार. मग सख्खे नातेवाईकही तोंड फिरवतात. आठ जण ज्या एका थाळाभोवती बसतात आणि चिमूटभर मिठाने जेवण सुरू करतात, तिथली जागा जाते. वाळीत पडलेला माणूस नमाजाला सुन्नी मशिदीत जाऊ शकतो, पण रमजान धरतो तो आपल्या मिस्री पंचांगाने. तिथे चंद्र पाहत नाहीत, महिने आधीच ठरलेले असतात. त्यामुळे त्याची ईद बहुधा त्या मशिदीच्या एक-दोन दिवस आधीच होऊन गेलेली असते.

पहिली मोठी ठिणगी मुंबईत पडली, तीही पैशांवरून. फोर्टातल्या चांदाभाई या बोहऱ्यांना पूज्य असलेल्या पुरुषाच्या कबरीपुढच्या गल्ल्याचा, म्हणजे दानपेटीचा हिशेब कोणाला द्यायचा, हा वाद १९१७मध्ये उच्च न्यायालयात गेला. सुधारकांच्या मागे पीरभॉय घराणं होतं, माथेरानची छोटी गाडी सुरू करणारं. १९२१मध्ये न्या. मार्टेन यांनी निकाल दिला की दाई विश्वस्त आहेत, हिशेब द्यावा लागेल.

बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४९मध्ये मुंबई प्रांतात बहिष्कारबंदीचा कायदाच केला. तो जातपंचायतींनाही लागू होता. ५१वे दाई ताहेर सैफुद्दीन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पंथाची शिस्तच राहिली नाही तर पंथ टिकणार कसा, हे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. १९६२मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी कायदा रद्द झाला. आधार मुख्यतः अनुच्छेद २६चा : धर्माच्या बाबतीतला कारभार संप्रदायाने स्वतः पाहावा. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे पडले. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य व्यक्तीचंही असतं, हा त्यांचा मुद्दा. मला त्यांचंच मत जास्त पटतं. बहुमताने श्रद्धा वाचवली खरी, पण समूहाची. एकट्या माणसाच्या श्रद्धेचं काय, हे तसंच राहिलं.

सत्तरच्या दशकात उदयपूरच्या तरुणांनी बंड केलं आणि चळवळीला जोर आला. त्या चळवळीतूनच पुढे आलेले असगर अली इंजिनियर हे आमिलचे पुत्र, मुंबई महापालिकेत अभियंते. त्यांनाही बहिष्कृत केलं गेलं, २०००मध्ये त्यांच्या घरावर हल्ला झाला. तरी २०१३मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कुराणाचा आधार घेऊनच स्त्रियांच्या हक्कांविषयी लिहीत राहिले. नास्तिकाची टीका झटकून टाकता येते. त्यांची तशी टाकता येत नव्हती. दरम्यान निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवानी यांच्या आयोगाने छळाच्या तक्रारी तपासून १९७९मध्ये अहवाल दिला. हातात मात्र काही पडलं नाही.

१९६२च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाने १९८६मध्ये याचिका केली. ती ३७ वर्षं रखडली. मध्यंतरी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, २०१७मध्ये तो अमलात आला. आता याचिकेची गरज उरली का, असा प्रश्न न्यायालयातच निघाला. पण फेब्रुवारी २०२३मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती निकाली न काढता नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली. महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्रापुरता. उदयपूरच्या बोहऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.