अडसर, खुंट्या आणि किल्ली: खोललेल्या डेडबोल्टची पार्श्वभूमी

गेल्या हिवाळ्यात आमच्या न्यू जर्सीतल्या घराच्या पुढच्या दाराचं कुलूप बदललं. जुन्यात किल्ली अडकायची, एवढाच त्याचा दोष. टाकून देण्याआधी खोलून बघावं म्हणून टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि बसलो. ते डेडबोल्ट होतं, म्हणजे किल्लीने जाड दांडा (बोल्ट) चौकटीत सरकवणारं कुलूप; ते दारावरून उतरवणं सोपं असतं. आतल्या बाजूचे दोन लांब स्क्रू काढले की आतली फिरकी हातात येते, बाहेरचं सिलिंडर मागच्या चपट्या पट्टीसकट सुटतं, आणि दाराच्या कडेवरचे दोन स्क्रू काढले की बोल्ट ओढून घेता येतो. ते तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर जाणवलं, की ही एका काळातली वस्तूच नाही. एक तुकडा आपल्या वाड्यांच्या दारामागे होता, दुसऱ्यामागची कल्पना असिरियाच्या राजवाड्यातली, आणि त्यांना जोडणारी पट्टी दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली.

बोल्ट म्हणजे आपला अडसर. वाड्याच्या मुख्य दरवाजालगत भिंतीच्या जाडीत एक लांब पोकळी ठेवलेली असे. दिवसा अडसर तीत सरकवून ठेवायचा, रात्री बाहेर ओढून दोन्ही फळ्यांमागून नेऊन पलीकडच्या भिंतीतल्या भोकात घालायचा. गडांच्या दरवाजांत लाकूड कधीच कुजून गेलं, पण समोरासमोरची ती चौकोनी भोकं अजून आहेत. ट्रेकला जाणाऱ्याने त्यात कधीतरी हात घालून बघितलेला असतोच. अडसराला स्प्रिंग नसते. हाताने सरकवल्याशिवाय तो हलत नाही. डेडबोल्टमधलं ‘डेड’ ते हेच. फ्लॅटच्या दाराला असलेल्या साध्या लॅचची जीभ स्प्रिंगवर असते आणि तिला एका बाजूने उतार असतो, म्हणून दार नुसतं लोटलं तरी ते लागतं. सोय मोठी आहे, पण फटीतून प्लास्टिकचं पातळ कार्ड सारलं तरी ती जीभ तशीच मुकाट्याने मागे सरते. डेडबोल्टचा दांडा चौरस टोकाचा आणि इंचभर बाहेर येणारा. तो दाबून आत जात नाही. माझ्या बोल्टच्या पोटात एक पोलादी सळी सैल बसवलेली निघाली. करवत तिच्यापर्यंत पोचली की सळी जागच्या जागी गरगर फिरते आणि पात्याला पकड मिळत नाही.

अडसराची अडचण एकच: तो आतूनच लागतो. घरातले सगळे बाहेर पडले तर? दारापलीकडचा अडसर बाहेरून कसा सरकवायचा, आणि तो योग्य माणसालाच कसा सरकवता यावा, या प्रश्नाची उत्तरं म्हणजेच कुलपांचा इतिहास.

उत्तर इराकमध्ये खोर्साबादला असिरियाचा राजा दुसरा सार्गोन याचा इसवीसनपूर्व आठव्या शतकातला राजवाडा होता. तिथे लाकडी कुलूप सापडल्याची नोंद एकोणिसाव्या शतकात झाली. इजिप्तमध्येही या जातीची कुलपं वापरत. रचना अशी: अडसराला वरून भोकं पाडलेली, आणि त्याच्या वरच्या ठोकळ्यात सुट्या खुंट्या. अडसर पूर्ण सरकला की खुंट्या आपल्याच वजनाने भोकांत पडतात आणि तो अडकतो. किल्ली म्हणजे टोकाला दात बसवलेली लाकडी फळी. ती खालून घालून वर उचलली की प्रत्येक दात आपापल्या खुंटीला भोकाबाहेर ढकलतो, मग अडसर ओढून घ्यायचा. या किल्ल्या चांगल्या हातभर लांब असत. बायबलमध्ये यशयाच्या ग्रंथात किल्ली खांद्यावर ठेवण्याचा उल्लेख आहे, त्याचं नवल वाटायला नको.

युरोपातल्या धातूकामाने पुढे वेगळी वाट धरली. रोमन काळापासून अठराव्या शतकापर्यंत तिथल्या कुलपांचा भर आत बसवलेल्या आडव्या पट्ट्यांवर होता. चुकीची किल्ली पट्टीला अडते, बरोबर किल्लीला तिथे खाच असते. पण सगळ्या पट्ट्या चुकवणारी सडपातळ किल्ली घडवली, की तीच एक किल्ली अनेक कुलपांना चालते. 1778 साली रॉबर्ट बॅरनने लंडनमध्ये लिव्हरचं कुलूप आणलं. त्यातले लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलले जाणारे आतले चपटे तुकडे, नेमक्या उंचीपर्यंतच उचलले जायला हवेत, कमी नको आणि जास्तही नको. 1784 मध्ये जोसेफ ब्रामाने नळीसारख्या किल्लीचं कुलूप काढलं. 1790 पासून त्याच्या पिकॅडिलीच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेलं होतं आणि त्यावर जाहीर आव्हान होतं: जो हे उघडण्याचं साधन करील त्याला 200 गिनी. ते कुलूप घडवणारा कारागीर हेन्री मॉडस्ले पुढे यंत्रं घडवणाऱ्या यंत्रांचा मोठा जनक ठरला. कुलपाला लागणारा काटेकोरपणा हातांनी साधेना, म्हणून यंत्रं करावी लागली. कुलूप ही एरवी किरकोळ वाटणारी वस्तू उद्योगाच्या इतिहासात इतकी आतवर गेलेली आहे.

1817 मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली आणि सरकारने न फुटणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावलं. 1818 मध्ये जेरेमाया चब याने त्याला उत्तर दिलं. त्याच्या कुलपात एखादा लिव्हर जरुरीपेक्षा जास्त उचलला गेला की कुलूप अडकून बसे, म्हणजे कुणीतरी हात लावल्याचं मालकाला कळे. तुरुंगाच्या जहाजावर एक कैदी होता, पेशाने कुलूप कारागीर. उघडून दाखवलंस तर माफी आणि 100 पौंड, असं त्याला सांगितलं गेलं. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले. इंग्रजांचा आपल्या कुलपांवरचा विश्वास यानंतर पक्का झाला.

लिव्हरची हीच वाट भारतात आली. 1897 मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचं काम सुरू केलं. शहरातल्या वाढत्या घरफोड्यांच्या बातम्या त्यांच्या वाचनात आल्या होत्या. आजही आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ‘किती लिव्हरचं देऊ?’ असं विचारतात, त्याचं मूळ बॅरन आणि चबपर्यंत जातं. माझ्या टेबलावरच्या कुलपात मात्र एकही लिव्हर नव्हता, आणि त्यामागे 1851 सालची एक घटना आहे.

त्या वर्षी लंडनला जागतिक प्रदर्शन भरलं. अमेरिकेतून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका कंपनीची कुलपं घेऊन आला. जुलैमध्ये वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात, साक्षीदारांसमोर, त्याने तिजोरीच्या खोलीला लावलेलं चबचं कुलूप 25 मिनिटांत उघडलं आणि काही न मोडता 7 मिनिटांत पुन्हा लावून दाखवलं. मग तो ब्रामाच्या खिडकीतल्या कुलपाकडे वळला. 16 दिवसांत मिळून 51 तास काम केलं, आणि सुमारे 60 वर्षं टिकलेलं आव्हान संपलं. 200 गिनी त्याला द्याव्या लागल्या. लंडनच्या वर्तमानपत्रांतून मोठा वाद पेटला. अशा गोष्टी चारचौघांत दाखवाव्यात का, चोरांना आयतं शिक्षण मिळत नाही का?

हॉब्जचं उत्तर 1853 मध्ये छापून आलं आणि ते मला आजही पटतं. त्याचा आशय असा, की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, आपण त्यांना शिकवू त्याहून कितीतरी जास्त त्यांना आधीच ठाऊक असतं. कुलूप कच्चं असेल तर ते प्रामाणिक माणसालाच कळायचं राहतं. म्हणूनच मी 1851 हे साल कुलपांच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं मानतो. तोवर कुलूप चांगलं आहे हे कारखानदार सांगे आणि गिऱ्हाईक मानी. त्यानंतर ते तपासून पाहायची गोष्ट झाली. पुढे काही वर्षांतच हॉब्जने विकायला आणलेलं अमेरिकन कुलूपही उघडलं गेलं. उघडणाऱ्याचं नाव लायनस येल, धाकटा.

थोरल्या लायनस येलचं न्यूयॉर्क राज्यात कुलपांचं दुकान होतं. 1848 मध्ये त्याने खुंट्यांची जुनी कल्पना धातूत आणली. मुलगा आधी व्यक्तिचित्रं रंगवायचा, मग बापाच्या धंद्यात उतरला. दुसऱ्यांची कुलपं उघडता उघडता कशाने काय अडतं हे त्याला कळत गेलं. 1861 आणि 1865 च्या पेटंटांत त्याने जे मांडलं तेच आज आपल्या खिशात असतं: दातेरी कडेची छोटी चपटी किल्ली आणि तिच्यासाठीचं वेगळं सिलिंडर. यातली खरी मोठी गोष्ट म्हणजे ते वेगळेपण. तोवर किल्लीला दारातून आरपार जाऊन स्वतः बोल्ट सरकवावा लागे, म्हणून दार जाड तर किल्ली लांब. येलने निर्णय आणि काम यांची फारकत केली. किल्ली बरोबर की चूक हे दारापुढचं सिलिंडर ठरवतं, आणि मागची चपटी पट्टी ते फिरणं बोल्टपर्यंत पोचवते. माझ्या हातातली ती पट्टी म्हणजे जेमतेम दोन इंचांचा पत्र्याचा तुकडा होता. हेन्री टाउनबरोबर कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला कंपनी उभी केल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर 1868 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी येल वारला.

आता सिलिंडर. मागची क्लिप काढायची, किल्ली घालून गाभा, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा आतला भाग, थोडा फिरवायचा, आणि मागून अर्ध्या इंची लाकडी दांडी टेकवत गाभा पुढे ढकलायचा. गाभा बाहेर येतो तसतशी दांडी त्याची जागा घेते. दांडी नसेल तर वरच्या पिना आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगा एका क्षणात टेबलभर होतात. गाभ्यात पाच भोकं होती, प्रत्येकात टोकदार पितळी पिन, आणि पाचही वेगवेगळ्या लांबीच्या. योग्य किल्ली घातली की पाचांचे माथे गाभ्याच्या पाठीशी अगदी सपाट होतात. बोट फिरवलं तर उंचवटा लागत नाही. चुकीची किल्ली घातली की एखादी पिन वर डोकावते, एखादी बुडते आणि तिच्यावरची पिन गाभ्यात उतरते; दोन्ही प्रकारे गाभा अडतो. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या एका प्रकारात किल्लीची खाच दहांपैकी एका ठरावीक मापाइतकी खोल असते आणि लगतच्या दोन मापांमधला फरक 0.015 इंच. पाच पिनांचे कागदावर 1 लाख मेळ होतात. प्रत्यक्षात सगळे वापरत नाहीत, कारण शेजारच्या दोन खाचांत फार फरक पडला तर किल्ली नीट सरकत नाही.

वरच्या पिना एकेक करून फडक्यावर ठेवल्या. चार सरळ होत्या आणि एक डमरूसारखी, मध्ये बारीक. ही पिन हॉब्जच्या वंशजांसाठी बसवलेली असते. कितीही चांगल्या यंत्रावर पाडली तरी पाचही भोकं एका रेषेत येत नाहीत. गाभ्याला हलका ताण दिला की आधी एकच पिन अडते, ती सोडवली की दुसरी. हत्याराने कुलूप उघडणारे या उणिवेवरच विसंबतात. डमरू पिन मध्येच अटकते आणि सुटल्याचा खोटा भास देते.

किल्ली का अडकायची, तेही तिथेच सापडलं. उन्हाळ्यात आई आली होती तेव्हा तिने, आपल्याकडच्या सवयीने, कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले होते. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, आणि इथे हिवाळ्यात दाराचं पितळ गोठणबिंदूखाली जातं. स्प्रिंगांभोवती पितळेच्या भुकटीत मिसळलेला पांढुरका गोळा जमला होता. अशा कुलपात कोरडी ग्रॅफाइट पूड घालतात.

छंद म्हणून कुलपांना हात घालणारे लोक जुने आहेत. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याला कुलपं घडवायचं वेड होतं. व्हर्सायच्या महालात त्याने आपली भट्टी ठेवली होती, आणि फ्रान्स्वा गामँ हा कारागीर त्याला शिकवायचा. राज्यक्रांतीच्या धामधुमीत राजाने कागदपत्रांसाठी भिंतीत लोखंडी कपाट बसवून घेतलं. 1792 मध्ये गामँनेच त्याची खबर दिली, आणि आतले कागद राजाविरुद्धच्या खटल्यात पुढे आले. दोन महिन्यांत राजाचा शिरच्छेद झाला.

आजच्या छंदाला संघटित रूप दिलं जर्मनीने. 1997 मध्ये हॅम्बुर्गला कुलपं उघडण्याचा खेळ म्हणून क्लब सुरू झाला, मग नेदरलँड्समध्ये आणि पुढे अमेरिकेत. सगळीकडे दोन नियम पाळले जातात: कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं, आणि वापरात असलेल्या कुलपाला हात लावायचा नाही. मी जुनं कुलूप दारावरून उतरवल्यावरच खोललं ते याच शिस्तीने. वाद मात्र हॉब्जच्या काळचाच राहिला. 2003 मध्ये मॅट ब्लेझ या संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की जिथे एकच मास्टर किल्ली सगळी कुलपं उघडते अशा इमारतीतली कुठलीही एक साधी किल्ली आणि ते कुलूप हाताशी असेल तर थोड्या कोऱ्या किल्ल्यांवर मास्टर किल्ली काढता येते. बरेच कुलूपवाले संतापले. ही युक्ती धंद्यात आधीपासून ठाऊक होती, ती छापली का, एवढाच त्यांचा आक्षेप होता. वसतिगृहात राहणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती, आणि दारामागे झोपत तेच होते.

गोळा पुसून, पिना आपापल्या भोकात घालून मी कुलूप पुन्हा जुळवलं. ते आता लोण्यासारखं फिरतं. मग नव्या कुलपाकडे गेलो. आत शिरू पाहणारे बहुतेक जण पिनांच्या वाटेला जात नाहीत, ते दाराला लाथ घालतात. वाड्यातला अडसर दोन्ही टोकांना दगडी भिंतीत जायचा. आमचा बोल्ट चौकटीवरच्या पितळी पत्र्याच्या भोकात जातो, आणि तो पत्रा मऊ पाइनच्या लाकडात पाऊण इंची स्क्रूंनी बसवलेला होता. ते काढून तीन इंची घातले. ते चौकट ओलांडून मागच्या खांबात जाऊन बसतात.