'फर्निचर' आणि 'टीम': इंग्रजीतील अगणनीय नाम आणि समूहवाचक नाम यांतील फरक

इंग्रजी व्याकरण शिकताना गणनीय, अगणनीय आणि समूहवाचक ही तीन नावे इतक्या जवळजवळ कानावर पडतात, की हे तीन वेगवेगळे कप्पे असून प्रत्येक नाम त्यांपैकी एकाच कप्प्यात जाते, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात गणनीय आणि अगणनीय ही विभागणी नाम वाक्यात कसे वागते, म्हणजे त्याला अनेकवचन होते का, त्याच्यामागे 'अ' किंवा 'अ‍ॅन' लागते का, यावर केलेली आहे. समूहवाचक हे नाव मात्र अर्थावरून पडले आहे. माणसे, प्राणी किंवा वस्तू यांचा गट एका शब्दात सांगणारे नाम ते समूहवाचक. दोन्ही प्रश्न स्वतंत्र असल्यामुळे एकच नाम समूहवाचकही असू शकते आणि गणनीयही. किंबहुना 'टीम', 'कमिटी', 'फॅमिली', 'ज्युरी', 'क्राउड', 'हर्ड' अशी बहुतेक समूहवाचक नामे गणनीयच आहेत.

घोटाळा होतो तो 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'ज्वेलरी' यांसारख्या शब्दांमुळे. 'टीम' म्हणताच अनेक खेळाडू डोळ्यांसमोर येतात, तसेच 'फर्निचर' म्हणताच टेबले, खुर्च्या आणि कपाटे येतात. दोन्ही शब्द दिसायला एकवचनी आणि दोन्हींच्या पोटात अनेक घटक, तेव्हा 'फर्निचर' हेही समूहवाचकच, असे वाटले तर नवल नाही; काही पुस्तकेही त्याला सैलपणे तसे म्हणतात. पण 'अ टीम', 'टू टीम्स', 'मेनी टीम्स' हे बिनदिक्कत चालते, तर 'अ फर्निचर', 'टू फर्निचर्स', 'मेनी फर्निचर्स' यांतले एकही चालत नाही. तिथे 'सम फर्निचर', 'मच फर्निचर' म्हणावे लागते, आणि एकच वस्तू सांगायची झाली तर 'अ पीस ऑफ फर्निचर'. 'टीम' हा शब्द आपल्या गटाला कड घालतो: एक गट संपला, दुसरा सुरू झाला. 'फर्निचर' अशी कड घालत नाही. खोलीतली एक खुर्ची बाहेर नेली तरी उरलेले ते फर्निचरच, आणि शेजारच्या खोलीतले त्यात आणून मिसळले तरी फर्निचरच.

हा फरक एका विशेषणाने फार सुरेख उघडा पडतो. 'अ बिग टीम' म्हटले की मोठी असते ती टीम. खेळाडू सगळे बुटके असले तरी हरकत नाही. 'बिग फर्निचर' म्हटले की मात्र मोठी असते ती त्यातली प्रत्येक वस्तू. लहान लहान खुर्च्यांचा ढीग छताला टेकला, तरी त्याला कोणी 'बिग फर्निचर' म्हणणार नाही. समूहवाचक नामाला गट म्हणून स्वतःचे आकारमान असते, 'फर्निचर'सारख्या अगणनीय नामाला ते नसते. शब्द कोणत्या बाजूचा आहे अशी शंका आली, तर पाठ केलेल्या यादीपेक्षा ही कसोटी जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

'मोजता येत नाही ते अगणनीय' ही नेहमीची व्याख्या मला अपुरी वाटते, कारण ती वस्तूकडे बोट दाखवते आणि प्रश्न शब्दाचा असतो. पैसे आपण रोज मोजतो, तरी 'मनी' अगणनीय आहे. गहू आणि ओट ही दोन्ही धान्येच, दाण्यांच्या आकारातही फार अंतर नाही. तरी इंग्रजीत 'व्हीट' अगणनीय एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी. त्याच यंत्रांना 'मशीन्स' म्हटले तर ती मोजता येतात, 'मशीनरी' म्हटले की येत नाहीत. 'पोएम्स' आणि 'पोएट्री', 'सूटकेसेस' आणि 'लगेज' या जोड्याही तशाच. पाणी, वाळू, धूर यांच्यापुरती ती व्याख्या निभावते, पण चुका त्या शब्दांत फारशा होतच नाहीत. चुका होतात त्या आपली भाषा जिथे वेगळी वागते तिथे. मराठीत दोन सल्ले देता येतात, चार बातम्या ऐकता येतात आणि डोक्यावरचे केस अनेकवचनी असतात. इंग्रजीत मात्र 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'न्यूज' अगणनीय असून 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असला तरी क्रियापद 'इज'च लागते, आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर इज'. एखादा सुटा केस सापडला, तर तेवढ्यापुरते 'अ हेअर' म्हणता येते. असे दुहेरी शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत: 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला, 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र, शोधनिबंध किंवा प्रश्नपत्रिका. म्हणून गणनीयता शब्दाला कायमची चिकटलेली नसून ती त्या शब्दाच्या त्या त्या अर्थाची असते.

क्रियापदाच्या बाबतीत दोन्ही प्रकारांची वाट अगदीच वेगळी होते. अगणनीय नामाला सगळीकडे एकवचनी क्रियापद लागते, 'द फर्निचर इज न्यू', आणि त्यात वाद नाही. समूहवाचक नामाला अमेरिकन इंग्रजीत बहुधा एकवचनी क्रियापदच येते, पण ब्रिटिश इंग्रजीत बोलणाऱ्याच्या मनात गट आहे की गटातली माणसे, यावर ते बदलू शकते. 'द कमिटी हॅज फाइव्ह मेंबर्स' इथे समिती एकसंध आहे, म्हणून एकवचन. 'द कमिटी आर स्टिल आर्ग्युइंग' इथे सदस्य आपापसांत वाद घालत आहेत, म्हणून अनेकवचन. एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही: क्रियापद अनेकवचनी झाले तरी नामामागचे दर्शक विशेषण एकवचनीच राहते. 'धिस कमिटी हॅव डिसायडेड' हे ब्रिटिश लेखनात आढळेल. 'दीज कमिटी' कुठेही आढळणार नाही.

'पोलीस' आणि 'कॅटल' या शब्दांना नेमकी हीच मोकळीक नाही. ते गटवाचक असले तरी 'टीम'सारखे वागत नाहीत. त्यांना अमेरिकेतही 'आर' लागते, 'दीज कॅटल' हे बरोबर ठरते आणि 'अ पोलीस' किंवा 'अ कॅटल' चूक. एक व्यक्ती सांगायची तर 'अ पोलीस ऑफिसर' म्हणावे लागते. पन्नास गुरे सांगायची तर 'फिफ्टी हेड ऑफ कॅटल', आणि त्यातल्या 'हेड'ला 'एस' लागत नाही. 'स्टाफ' हा शब्द मात्र 'टीम'च्या बाजूचा आहे. 'अ स्टाफ ऑफ टेन' योग्य, पण दोन कर्मचाऱ्यांना 'टू स्टाफ्स' म्हणणे चूक, कारण त्याचा अर्थ दोन वेगवेगळ्या संस्थांचे कर्मचारीवर्ग असा होतो. तिथे 'टू मेंबर्स ऑफ स्टाफ' हवे.

लिहिताना राहिली ती सर्वनामांची बाब. समूहवाचक नाम एकवचनी धरले तर पुढे 'इट', 'इट्स' आणि 'विच' येतात. अनेकवचनी धरले तर 'दे', 'देअर' आणि 'हू'. 'द कमिटी, विच हॅज मेट ट्वाइस' आणि 'द कमिटी, हू हॅव मेट ट्वाइस' या दोन्ही रचना आपापल्या जागी ठीक आहेत, पण 'द कमिटी, हू हॅज मेट ट्वाइस' ही भेसळ जाणकार संपादक सहसा दुरुस्त करतो. 'फर्निचर', 'लगेज' आणि 'इन्फर्मेशन' यांच्यासाठी असा विचार करावाच लागत नाही. तिथे 'इट' हे एकच सर्वनाम आहे.