सेवाकार्य आणि सेवेतून शिकणे यांतला फरक

शाळेच्या वेळापत्रकात ‘सेवा’ हा शब्द दिसला की खान्देशातल्या पालकांना राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आठवते. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेल्या या योजनेत महाविद्यालयीन स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करतो. त्यामुळे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या डिप्लोमा अभ्यासक्रमातली सेवा म्हणजे त्याचीच महागडी आवृत्ती, असा समज होतो. हा समज शिक्षकांमध्येही आढळतो, आणि काही वर्षे तो माझाही होता.

डिप्लोमात सर्जन, शारीरिक कृती आणि सेवा हा एकच घटक मानला असून तो किमान १८ महिने चालतो. पूर्वी त्यासाठी तास मोजले जात, आता मोजत नाहीत. गुणही दिले जात नाहीत. गरज शोधणे, तयारी, प्रत्यक्ष कृती, चिंतन आणि केलेले काम इतरांपुढे मांडणे अशा पायऱ्या त्यात अपेक्षित असतात. श्रमदानात बांध घातला गेला की काम झाले, आणि बांध चांगला असेल तर त्यात उणे काहीच नाही. सेवेतून शिकण्यात मात्र बांध कुठे हवा हे कोणी ठरवले, येथपासून प्रश्न सुरू होतो.

हा फरक मला मराठीच्या तासाने शिकवला. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आणि आमच्या वर्गात तीन तऱ्हांची मुले एका बाकावर आली: घरी प्रमाण मराठी बोलणारी, बदलीच्या नोकरीमुळे परप्रांतातून आलेली, आणि घरी अहिराणी बोलणारी. शेवटच्या मुलांचे निबंध लाल शाईने भरत, म्हणून आम्ही त्यांना ‘कच्ची’ म्हणत असू.

पहिल्या वर्षी आम्ही धुळे जिल्ह्यातल्या एका गावात वह्या वाटल्या, भिंत रंगवली, छायाचित्रे काढली. निघताना एका आजींनी पिशवीतून पीकविम्याची छापील सूचना काढली आणि म्हणाल्या, “वह्या त शेतस, पन हाई कागद कोन वाची देई?” आमच्यातल्या निम्म्यांना प्रश्न समजलाच नाही. ज्याला समजला, तो वर्गातला ‘कच्चा’ मुलगा होता.

पुढच्या वर्षी गावाने दाखवलेल्या सूचना सोप्या मराठीत लिहून देणे एवढेच काम घेतले. बँकेचे आणि खासगी कागद मात्र आम्ही हाती घेतले नाहीत. येथे दुसरा गोंधळ पुढे आला, कारण मिश्र पातळीचा वर्ग शिकवणे म्हणजे मागच्या मुलांना सोपे काम देणे, असेही सर्रास मानले जाते. तसे केले असते तर अहिराणीभाषक मुलांकडे चित्रे चिकटवणेच आले असते. प्रत्यक्षात मजकूर सर्वांना एकच होता, पायऱ्या वेगळ्या होत्या. अहिराणीभाषकांनी गावात प्रश्न विचारून उत्तरे टिपली. प्रमाण मराठीवाल्यांनी ‘विहित मुदतीत’ यासारखे शब्द फोडून लिहिले. नवशिक्यांनी तयार मसुदा मोठ्याने वाचला आणि जिथे अडखळले तिथे खूण केली; जे वाक्य त्यांना अडले, ते बहुतेक वेळा आजींनाही अडत होते, म्हणून त्यांच्या खुणा सर्वांत उपयोगी ठरल्या.

चिंतनाच्या बाबतीतही एकच माप चालत नाही. पानभर लिहिण्याची सक्ती केली की मुले ‘मला खूप आनंद झाला’ यापलीकडे जात नाहीत, मग ती कोणत्याही पातळीची असोत. म्हणून ज्याला लिहिणे जड जाते त्याच्याकडून तोंडी ऐकावे, आणि काय चुकले हे आधी विचारावे.

आजींचा प्रश्न समजलेल्या त्या मुलाची चिंतनाची नोंद अडीच ओळींची होती आणि तिच्यात ‘आंडोर’ (मुलगा) धरून तीन शब्द अहिराणी होते. मी ते खोडले नाहीत. समासात त्यांची प्रमाण रूपे लिहिली आणि वही परत दिली.