मल्याळी (संज्ञा व ओळख)

मल्याळी : मल्याळम मातृभाषा असलेला, मुख्यतः केरळ राज्यातील समाज. २०११ च्या जनगणनेनुसार मल्याळम भाषकांची संख्या सु. ३.४८ कोटी. ‘मद्राशी’ या सरसकट नावातून या समाजाला वेगळे काढण्याची सवय इतर भारतीयांना बरीच उशिरा, बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागली. प्रस्तुत नोंद या ओळखीपुरती आहे.

‘मल्याळम’ या नावातील ‘मल’ म्हणजे डोंगर, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो उत्तरपदाचा. ‘आळम्’चा अर्थ काही अभ्यासक प्रदेश असा करतात, तर काही ते ‘आऴम्’ (‘ऴ’ हा ‘ळ’हून वेगळा ध्वनी; अर्थ खोली, म्हणजे समुद्र) मानून डोंगर व समुद्र यांमधील भूमी असा अर्थ लावतात. आजच्या ‘मल्याळम’ या नावात ‘ऴ’ नसून ‘ळ’ आहे, हा दुसऱ्या मतावरील मुख्य आक्षेप. तथापि ‘मलयाऴ्म’ या भाषेच्या जुन्या नावात ‘ऴ’ आढळतो, त्यामुळे ते मत निकालात काढता येत नाही. पहिले मत अधिक सयुक्तिक दिसते. हे नाव आधी भूमीचे होते आणि भाषेला मागाहून चिकटले, एवढे बहुतेकांना मान्य आहे. चौदाव्या शतकातील समजल्या जाणाऱ्या लीलातिलकम् या ग्रंथात भाषेचा उल्लेख ‘केरळभाषा’ असा येतो.

परकीयांनी केलेला घोळ ‘मद्राशी’ या नावाहून जुना आहे. १५७८ मध्ये कोल्लम येथे छापलेल्या तमिळ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भाषेचे नाव ‘मलबार तमिळ’ असे दिले आहे. अठराव्या शतकातील तरंगंबाडीचे जर्मन मिशनरीही तमिळलाच ‘मलबारी’ म्हणत. म्हणजे पुढे मल्याळी माणूस ‘मद्राशी’ ठरला, त्याआधी तमिळ माणूस ‘मलबारी’ ठरून गेला होता.

मल्याळी लोकांनी स्वतः मात्र ही रेघ लवकर आखली. त्रावणकोर संस्थानातील वरिष्ठ जागा बाहेरून आलेल्या, विशेषतः तमिळ, ब्राह्मणांकडे जात. (तेथील प्रसिद्ध दिवाण टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी ब्राह्मण.) याविरुद्ध १८९१ मध्ये दहा हजारांवर सह्यांचा अर्ज महाराजांना देण्यात आला, तो ‘मल्याळी मेमोरियल’ म्हणून ओळखला जातो. ‘मल्याळी’ शब्दाला राजकीय धार येथे आली असावी. या एकीत फटही लगेच दिसली : १८९६ मध्ये एऴवा या केरळातील मागास मानल्या गेलेल्या समाजाने डॉ. पल्पू यांच्या पुढाकाराने आपला अर्ज वेगळा केला.

‘मद्राशी’ हे नाव मद्रास इलाख्यावरून पडले, हा खुलासा सर्वस्वी पुरेसा नाही. मलबार जिल्हा इलाख्यात होता. त्रावणकोर आणि कोचीन ही मात्र इलाख्याबाहेरची संस्थाने होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्य झाल्यावर, आणि १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आल्यावर केरळ हे नाव देशभर वर्तमानपत्रांतून वाचले जाऊ लागले. तरी बोलण्यातले नाव चटकन बदलले नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या आरंभीच्या प्रचारात ‘लुंगीवाले’ या एका शब्दात तमिळ, मल्याळी व कन्नड असे सगळे आले. खुद्द केरळात पांढरे, काठाचे ‘मुंडू’ वेगळे आणि रंगीत ‘कैली’ वेगळी. समारंभाला कैली नेसून कोणी जात नाही.

ओळख पक्की झाली ती बहुधा नित्याच्या सहवासाने. इस्पितळातल्या परिचारिका, कचेऱ्यांतले टंकलेखक, १९७० नंतर आखाताकडे जाताना मुंबईत थांबणारे तरुण, ही त्याची ठळक उदाहरणे. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने प्रवास जवळचा केला. तिच्या उभारणीचे प्रमुख ई. श्रीधरन हेही मल्याळीच. ओणमची कथा मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही, कारण ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ यातला बळी आणि तिकडचा महाबली एकच.

‘मल्लू’ हे अलीकडचे लघुरूप काही मल्याळी स्वतःसाठी वापरतात, काहींना ते हिणकस वाटते.

हिंदीत ‘मलयालम’ लिहितात. ते उलटसुलट सारखेच वाचता येते. मराठीत ही गंमत साधत नाही, पण ‘ळ’ मात्र जागेवर राहतो.